न उतरलेला बोजा

मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीची बॅटरी उतरायला लागली. गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसती टकटक. बॅटरी बदलून झाली, अल्टरनेटर तपासून झाला. शेवटी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका वायरिंगवाल्याकडे गाडी नेली. गाडी बंद असतानाही करंट जातोय, हे त्याने मीटर लावून दाखवलं. मग तासभर तो डॅशबोर्डखाली उताणा पडून एकेक वायर चाचपत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काडेपेटीएवढी काळी डबी होती. ती वायरींच्या जुडग्याला काळ्या चिकटपट्टीने अशी गुंडाळलेली होती की मूळ गाडीबरोबरच आली असं वाटावं. आत एक सिमकार्ड आणि लुकलुकणारा बारीक हिरवा दिवा.

"जीपीएस आहे, सर. फायनान्सवाल्यांनी बसवलेला दिसतोय," तो म्हणाला. त्याला त्याचं काही नवल नव्हतं. जुन्या गाड्यांत अशा डब्या त्याला अधूनमधून सापडतात.

मी ती गाडी चौदा महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली होती. आधीच्या मालकाचं कर्ज पूर्ण फिटलेलं होतं. एनओसी होती, फॉर्म ३५ भरून आरसी बुकावरचा बोजा उतरवलेला होता. कागद चोख होते. त्या चौदा महिन्यांत मी वडिलांना तपासण्यांसाठी कितीदा तरी पुण्याला नेलं. एका नातेवाइकाला व्यसनमुक्ती केंद्रात पोहोचवलं. ही गोष्ट आम्ही चौघे सोडून कुणालाही माहीत नाही, असं मी समजत होतो.

हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या बहुतेकांनी एकच विचारलं, "कोण बघत बसलंय तुमची गाडी कुठे जाते ते?" बहुधा कुणीच बघितलं नसेल. कर्ज फिटलं, फाइल बंद झाली आणि कुठल्याशा सर्व्हरवर एक ठिपका सातारा-पुणे जात-येत राहिला. पण कुणी न बघणं आणि कुणाला बघता न येणं, यांत मी फार मोठं अंतर मानतो. पहिल्या स्थितीत माझी मोकळीक ही दुसऱ्या कुणाला तरी सवड नाही यावर टिकून असते. आणि नोंद एकदा झाली की ती पाच वर्षांनी मागे जाऊनही वाचता येते. तेव्हा वाचणारा कोण असेल आणि त्याला तीत काय हवं असेल, हे आज कुणाला सांगता येणार?

हा प्रश्न आपल्याकडे जीपीएसच्या कितीतरी आधी येऊन गेला आहे. आजच्या उत्तर प्रदेशात १९४१ साली खरक सिंग नावाच्या माणसाला दरोड्याच्या प्रकरणात धरलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची 'हिस्ट्री शीट' उघडली. रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई येत, दार ठोठावत, त्याला झोपेतून उठवत. गावाबाहेर जायचं तर कुठे जातो, कधी परततो हे कळवावं लागे. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये निकाल लागला. रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरल्या, पण त्याच्या जाण्यायेण्यावर नजर ठेवायला बहुमताने मुभा मिळाली. पाठलाग होत असला तरी माणसाला चालायला कुणी अडवत नाही, मग त्याच्या संचाराला बाध कसा येतो, असा त्यामागचा विचार होता. न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांना तो मान्य नव्हता. सतत नजरेखाली फिरणाऱ्याचे पाय मोकळे असले तरी मन मोकळं नसतं आणि तशा फिरण्याला संचारस्वातंत्र्य म्हणता येत नाही, असा त्यांच्या भिन्न निकालपत्राचा आशय होता. त्यांच्या दृष्टीला न्याय मिळायला पंचावन्न वर्षं लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे त्या पीठावर होते.

त्यानंतरचा एक निकाल तर थेट आपल्या विषयातला आहे. अमली पदार्थांच्या एका खटल्यात फ्रँक व्हायटस या नायजेरियन आरोपीला जामीन देताना अट घातली गेली की त्याने गुगल मॅप्सवर पिन टाकावी, म्हणजे तो कुठे आहे हे तपास अधिकाऱ्याला दिसेल. ८ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ती अट रद्द केली. जामिनावरच्या आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत डोकावता येईल अशी कोणतीही अट घालता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. न्यायमूर्ती ओक मूळचे ठाण्याचे. खरक सिंगला जे मिळालं नव्हतं ते इथे एका परदेशी आरोपीला मिळालं, याचा मला अभिमान वाटतो.

अमेरिकेतही २०१२ साली अशीच रेषा आखली गेली. अँटोइन जोन्स नावाच्या संशयिताच्या जीपखाली पोलिसांनी लावलेला ट्रॅकर अठ्ठावीस दिवस चालला आणि त्याने दोन हजारांहून अधिक पानांची नोंद पाठवली. वॉरंटची मुदत संपल्यावर तो बसवलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने सांगितलं की असा ट्रॅकर लावून माग काढणं ही घटनेच्या अर्थाने झडतीच आहे.

म्हणजे सरकार आपल्या गाडीला डबी लावायला आलं तर निदान न्यायालयाचं दार आहे. विमा कंपनी, फायनान्स कंपनी किंवा खुद्द मोटार बनवणारी कंपनी यांच्यासाठी मात्र आपण दार स्वतःच उघडून देतो. कागदावर सही असते, मोबाइलवर 'मान्य आहे' असं बटण दाबलेलं असतं. जामिनावरच्या आरोपीवर जे लादता येत नाही ते विमाधारकावर त्याच्याच संमतीच्या नावाखाली लादता येतं, आणि ही संमती कशी मिळवली जाते हे पाहायचं तर पुन्हा अमेरिकेकडेच वळावं लागतं.

मार्च २०२४ मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये कश्मीर हिल या पत्रकार महिलेने एक वृत्तांत लिहिला. शेव्हरोले बोल्ट चालवणाऱ्या एका गृहस्थांचा विम्याचा हप्ता २०२२ मध्ये अचानक २१ टक्क्यांनी वाढला. त्यांच्या हातून कधी अपघात झालेला नव्हता. दुसऱ्या कंपन्यांकडे गेले तर तिथेही दर चढेच. एका एजंटाने सुचवल्यावर त्यांनी लेक्सिसनेक्सिस या माहिती विकणाऱ्या कंपनीकडून स्वतःचा अहवाल मागवला. तो २५८ पानांचा निघाला. त्यात सहा महिन्यांतले ६४० प्रवास होते. कोणत्या दिवशी, किती वाजता निघाले, किती वाजता पोहोचले, किती मैल, कुठल्या प्रवासात जोरात ब्रेक मारला, कुठल्या प्रवासात वेग वाढवला, सगळं होतं. ठिकाणं तेवढी नव्हती. आणि हे सारं पुरवलं होतं त्यांच्याच गाडीच्या निर्मात्याने, जनरल मोटर्सने. गाडीतल्या ऑनस्टार यंत्रणेत 'स्मार्ट ड्रायव्हर' नावाची सोय होती. तिचं गिऱ्हाइकापुढचं रूप चांगलं चालवायला शिकवणाऱ्या खेळाचं होतं. आपण तिच्यात नाव घातलं आहे हेदेखील अनेकांना ठाऊक नव्हतं. बातमी येताच त्याच महिन्यात कंपनीने ही देवाणघेवाण थांबवली. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई जाहीर केली. गाडीचं ठिकाण कधी कधी दर तीन सेकंदांना टिपलं जात होतं, असं आयोगाने म्हटलं आणि अशी माहिती पतमापन करणाऱ्या संस्थांना देण्यावर पाच वर्षांची बंदी प्रस्तावित केली. त्याच महिन्यात टेक्सास राज्याने ऑलस्टेट या विमा कंपनीवर दावा लावला. त्यात गाडीला काही बसवायचीही गरज नव्हती. मोबाइलमधल्या भलत्याच अ‍ॅप्सच्या पोटात कंपनीने आपला कोड घातला आणि साडेचार कोटींहून अधिक लोकांच्या हालचाली गोळा केल्या, असा राज्याचा आरोप आहे.

आता या यंत्रांच्या बाजूने जे म्हटलं जातं, त्यातलं सर्वांत वजनदार म्हणणं आधी ऐकू. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. खंबाटकी घाटाच्या उतारावर, त्या कुप्रसिद्ध एस वळणावर, उलटलेल्या गाडीभोवती मी इतरांबरोबर उभा राहिलो आहे. काचांच्या चुऱ्यात पडलेला शाळेचा डबा मला अजून दिसतो. चालकाच्या पायाला लगाम घालणारं एखादं यंत्र असेल आणि त्याने यातली शंभर माणसं जरी वाचणार असतील, तर माझ्या खासगीपणाची मातबरी सांगताना मला दहादा विचार केला पाहिजे.

दुसरं म्हणणं न्यायाचं आहे. वर्षाला तीन हजार किलोमीटर गाडी काढणाऱ्या निवृत्त शिक्षिकेने तीस हजार किलोमीटर पळवणाऱ्याइतकाच हप्ता का भरावा? विमा नियामक 'इर्डाई'ने जुलै २०२२ मध्ये गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये, 'जितकी चालवाल तितके भरा' आणि 'जशी चालवाल तसे भरा' अशा दोन योजनांना परवानगी दिली ती याच विचाराने.

परंतु या दोन योजना एका दमात उच्चारल्या जातात तिथेच गफलत होते. गाडी किती चालते, कशी चालते आणि कुठे जाते हे तीन वेगळे प्रश्न आहेत. 'किती' हे कळायला उपग्रह लागत नाही. प्रत्येक गाडीत किलोमीटरचा मीटर असतो, रिन्युअलच्या वेळी त्याचा फोटो पाठवला की काम भागतं. त्या शिक्षिकेला न्याय द्यायचा तर एवढं पुरेसं आहे. 'कुठे' हा प्रश्न हप्त्याच्या हिशेबात विचारायचं कारणच नाही. कारण सांगितलं जातं 'कशी'चं, आणि ते सांगून जे यंत्र बसतं त्याला बहुधा तिन्ही उत्तरं टिपता येतात. मग टिपलेलं कधी फेकलं जात नाही.

बरं, 'कशी'चं उत्तर तरी त्याला मिळतं का? अमेरिकेतल्या प्रोग्रेसिव्ह कंपनीच्या 'स्नॅपशॉट' योजनेत एका सेकंदात वेग ताशी सात मैलांनी किंवा त्याहून जास्त उतरला की तो 'हार्ड ब्रेक' धरतात. म्हणजे एका सेकंदात ताशी साठ किलोमीटरवरून एकोणपन्नासच्या खाली. आता ही फूटपट्टी घेऊन डिसेंबरातल्या रात्री कोरेगावच्या रस्त्याने जाऊन बघा. समोर उसाने गच्च भरलेली, मागे रिफ्लेक्टर नाही की दिवा नाही अशी ट्रॉली अंधारातून एकदम उगवते आणि आपण करकचून ब्रेक दाबतो. गतिरोधकावरचे पांढरे पट्टे पुसून गेलेले असतात. एसटीतून उतरलेलं पोर बसच्या पुढून रस्त्यात येतं. यंत्राच्या लेखी हे तिन्ही चालकाचे दोष. ट्रॉलीवर दिवा नव्हता हा कारखान्याचा आणि ट्रॉलीमालकाचा दोष, पट्टे पुसलेले हा बांधकाम खात्याचा दोष, पण तो त्या आकड्यात कुठेच येत नाही. रस्त्याची सगळी हलगर्जी चालकाच्या नावावर जमा होते. एकदा का माणसाला कळलं की प्रत्येक ब्रेकमागे गुण कापले जातात, की पाय ब्रेकवर नेताना तो क्षणभर अडखळेल, ही भीती मला खरी वाटते. त्या क्षणात पोर रस्त्यात असू शकतं.

वेळेचंही तसंच. अमेरिकेतल्या अशा अनेक योजनांत मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचं चालवणं जोखमीचं धरलं जातं. अंधार, झोप, दारू हे लक्षात घेतलं तर ते खोटं नाही. पण पुण्याच्या गुलटेकडी मार्केटयार्डात पहाटे भाजी पोहोचवायची तर फलटणहून टेम्पो रात्रीच निघावा लागतो. दुधाच्या गाड्या रात्रीच धावतात. रात्रपाळी संपवून स्कूटरवरून घरी परतणारी परिचारिका हौसेने त्या वेळी बाहेर पडलेली नसते. या सगळ्यांची 'सवय' म्हणून जी नोंद होते ती खरं तर त्यांच्या पोटापाण्याची वेळ आहे. दिवसा दहा ते सहा कचेरीत बसणाऱ्याला सवलत, आणि त्याच्या ताटातली भाजी रात्रभर जागून आणणाऱ्याला जादा हप्ता, असा हा हिशेब आहे. भाजी दोघांच्याही पोटात जाते, जोखीम मात्र एकट्याच्या माथी.

इथे विमा म्हणजे काय, यालाच हात घालावा लागतो. आपल्या गावांत इर्जिक असे, सावड असे. आज माझ्या रानात सगळ्यांचे बैल, उद्या तुझ्या. कुणाचं रान मोठं, कुणाचं खडकाळ, कुणाचा बैल म्हातारा, याचा काटेकोर हिशेब मांडला असता तर ती चालच टिकली नसती. विमा हे त्याच कल्पनेचं मोठं, पैशातलं रूप. कुणाच्या गाडीवर झाड पडेल हे कुणालाच माहीत नाही, म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं. जोखीम अगदी काहीच मोजू नये असं मी म्हणत नाही. बेफाम चालवून दरवर्षी क्लेम करणाऱ्याने जास्त द्यावं, आणि नो क्लेम बोनस नेमकं तेच करतो. तो झालेल्या अपघातावरून ठरतो. नवं यंत्र न झालेल्या अपघाताची किंमत आधीच लावतं. ते इतकं बारीक होत गेलं की शेवटी ज्याची त्याची जोखीम ज्याच्या त्याच्या गळ्यात पडेल, आणि मग एकत्र येण्यात काय उरलं?

काय मोजायचं आणि मोजता येत असूनही काय मोजायचं नाही, हे समाजाला ठरवता येतं. युरोपने ते करून दाखवलं आहे. तरुण मुलींपेक्षा तरुण मुलगे जास्त अपघात करतात, हे विमा कंपन्यांचे आकडे सांगत होते आणि ते खोटे नव्हते. तरीही १ मार्च २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की स्त्री की पुरुष यावरून हप्ता ठरवता येणार नाही. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवतं आणि तो चालकाच्या ब्रेकवर अवलंबून नाही. ती भिंत अजून उभी आहे. 'ओन डॅमेज'मध्ये रुळलेली मोजमापं उद्या तिच्यावरही धडकतील, तेव्हा आपण काय म्हणणार हे आजच ठरवलेलं बरं.

संमतीबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे तो एका माणसाच्या वतीने. पगारी ड्रायव्हरच्या. पॉलिसी मालकाच्या नावावर, सही मालकाची, सवलत मालकाला. आणि नोंद होते ती ड्रायव्हरच्या हातापायांची, त्याच्या चहाच्या थांब्याची, लघवीला थांबलेल्या चार मिनिटांची. ट्रान्सपोर्टमध्ये हे आधीपासून आहेच. गाडी वीस मिनिटं उभी राहिली की मालकाचा फोन येतो. आता त्या नोंदीवरून त्याला कामावरून काढलं, तर ती नोंद त्याला बघायला तरी मिळेल का? २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट आणि बिनशर्त असावी असं लिहिलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. नोकरी टिकवण्यासाठी दिलेली संमती मुक्त कशी म्हणायची, याचं उत्तर मला त्यात सापडत नाही. घरातही तेच. गाडी नवऱ्याच्या नावावर, अ‍ॅप त्याच्या मोबाइलमध्ये, आणि गाडी चालवत माहेरी जाणारी बायको त्या नकाशावरचा ठिपका.

म्हणून मी यंत्रच नको म्हणतो आहे का? नाही. एसटी, टॅक्सी अशा नव्या प्रवासी वाहनांत १ जानेवारी २०१९ पासून ठिकाण कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर ही सक्ती आली. मला ती मान्य आहे, कारण वाहन सार्वजनिक आहे, नियम जाहीर आहे आणि बटण प्रवाशाच्या हाताशी आहे. खासगी गाडीसाठीही नमुना आहे. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांत 'ई-कॉल' सक्तीचं झालं. ते यंत्र एरवी झोपलेलं असतं. रोजच्या प्रवासात त्याचा माग काढता येऊ नये, अशी कायद्यातच अट आहे. मोठा अपघात झाला की ते जागं होतं, ११२ला फोन लावतं आणि गाडी कुठे आहे, कोणत्या दिशेने चालली होती, किती सीटबेल्ट लावलेले होते अशी मोजकीच माहिती देतं. रात्री घाटात कोसळलेल्या माणसाला जे हवं ते सगळं यात आहे, आणि सहा महिन्यांचे ६४० प्रवास नाहीत. असं यंत्र माझ्या गाडीत उद्या बसवा, मी पैसे देईन. चालवण्याचे गुण काढायचेच असतील तर ते गाडीतच काढावेत, चालकाला तिथेच दाखवावेत आणि कंपनीकडे वर्षाअखेर फक्त एक आकडा जावा. तो आकडा कशावरून आला हे विचारायचा आणि खोडून काढायचा हक्क चालकाला हवा. आणि कर्जासाठी डबी लावायचीच असेल तर ती करारात ठळक लिहा, गाडीवर तसं स्टिकर लावा, आणि कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ बरोबर डबी काढल्याचीही सही घ्या. फायनान्स कंपनीचं नाव आरसी बुकातून काढायला आपल्याकडे फॉर्म आहे, शुल्क आहे, आरटीओत खिडकी आहे. वायरींच्या जुडग्यातून तिला काढायला काहीच नाही. ते काम साताऱ्याच्या एका वायरिंगवाल्याने बॅटरी उतरली म्हणून केलं.

डबी घरी आणल्यावर मी आधीच्या मालकांना फोन केला. भले गृहस्थ आहेत, वाईजवळ शेती आहे त्यांची. मला वाटलं होतं त्यांना ठाऊक असेल, फक्त काढायची राहून गेली असेल. त्यांना ठाऊक नव्हतं. कर्ज त्यांनी तीन वर्षांपूर्वी फेडलं होतं आणि गाडी त्यांच्याकडे एकूण सहा वर्षं होती. फोनवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आमच्या थोरल्याचं ते प्रकरण चाललं होतं, तेव्हा आम्ही कुठंकुठं गेलो, ते सगळं दिसत असेल का हो त्यांना?"

मला काही सांगता आलं नाही.